‘गुण आला’ म्हणण्याआधी: सोयाबीनच्या टॉनिकचा दावा आपल्याच रानात कसा तपासायचा

ऑगस्ट संपत आला की फोन सुरू होतात. “अमुक टॉनिक मारलं, चार दिवसांत सोयाबीन काळंशार झालं. पुढच्या साली सगळ्या रानाला घेऊ का?” मी एवढंच विचारतो, न मारलेला तुकडा ठेवला होता का? बहुतेक जण गप्प होतात. एखादा म्हणतो, “ठेवला होता की, वरच्या अंगाला, मुरमाड पट्टीत.” म्हणजे मुरमाड रानाची गाळाच्या रानाशी कुस्ती लावली आणि जिंकणाऱ्याचा फेटा बाटलीला बांधला.

दुसऱ्या बाजूला आमचे काही शिकलेले मित्र आहेत. “टॉनिक? सगळी लूट.” तपासलं का? तेही नाही. न तपासता होकार देणारा आणि न तपासता नकार देणारा, दोघांच्या वह्या सारख्याच कोऱ्या. शंका घेणं हे तोंडाचं काम आहे असा आपला समज झालाय. खरं तर ते हातापायाचं काम आहे, आणि त्यातलं निम्मं फवारणीच्या आधीच उरकावं लागतं.

खालच्या पायऱ्या कोरडवाहू सोयाबीन डोळ्यांसमोर ठेवून लिहिल्या आहेत. बीजप्रक्रिया, कपाशीवरची फवारणी, हरभऱ्याचं एखादं नवं खत, यांनाही हाच क्रम लागू पडतो. क्रम मात्र मोडू नका. चाचण्या वाया जातात त्या बहुतेक पायऱ्या मागेपुढे केल्यामुळे.

आधी जमवाजमव

सात-आठ गुंठे रान, ३२ खुंट्या, सुतळी, मोजपट्टी. दोन एकसारखे पांढरे कॅन. १६ रिकामे कट्टे. १० ग्रॅमपर्यंत नीट दाखवणारा वजनकाटा. किराणा दुकानात असतो तसला इलेक्ट्रॉनिक चालेल, धान्याचा मोठा काटा चालणार नाही. एक वही, एक पाकीट, एक रुपयाचं नाणं. आणि फवारणीशी काही देणंघेणं नसलेला एक माणूस: भाऊ, भाची, शेजारी, कुणीही. हा माणूस सगळ्यांत महत्त्वाचा, आणि लोक नेमका त्यालाच वगळतात.

## टप्पा १: दावा कागदावर उतरवा

“पीक जोमदार होतं”, “फुटवा चांगला येतो”, “मुळी चालते” ही वाक्यं तपासता येत नाहीत. कशाच्या तुलनेत जोमदार? किती? कधीपर्यंत? कृषी सेवा केंद्रात बसूनच दावा नेमका करून घ्या. उदाहरणार्थ: “फुलोऱ्यात एक आणि शेंगा भरताना एक, अशा दोन फवारण्या केल्या तर साध्या पाण्याच्या फवारणीपेक्षा एकरी उतारा निदान ५० किलोंनी वाढेल.” असं वाक्य खोटं ठरू शकतं, म्हणून ते कामाचं.

मग विक्रेत्याला एक प्रश्न सरळ विचारा: “दादा, काय दिसलं तर तुम्ही स्वतः म्हणाल की चाललं नाही?” उत्तर ठोस असेल तर पुढे जा. “पाऊस कमी झाला तर येणार नाही, जास्त झाला तरी येणार नाही, आणि तुम्ही वेळ चुकवली तर तुमची चूक” असं ऐकू आलं, तर त्या दाव्याला हरायची जागाच ठेवलेली नाही. पैसे खिशात राहू द्या.

हाच प्रश्न स्वतःलाही विचारा आणि उत्तर वहीत तारीख घालून लिहा. मला काय दिसलं तर मी माझं मत सोडीन? टॉनिकवर चिडलेल्या माणसाने तर हे नक्कीच लिहावं.

थांबा, तपासा: बाटलीवरचं लेबल वाचा. बरीच टॉनिकं ज्यांत मोडतात ती जैव-उत्तेजकं (पिकाच्या वाढीला चालना देणारी द्रव्यं) २०२१ पासून खत नियंत्रण आदेशाच्या कक्षेत आली आहेत. घटक, मात्रा, उत्पादकाचा पत्ता यांपैकी काहीच नसेल तर चाचणीचे कष्टही घेऊ नका. बाटली कीड मारते असा दावा असेल आणि लेबलवर कीटकनाशकाचा रंगीत त्रिकोण नसेल, तर ती रानात आणूच नका.

## टप्पा २: काहीच केलं नसतं तर काय झालं असतं?

सगळ्यांत जास्त फसगत इथे होते, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

जुलैत आठ दिवस झड लागली. काळ्या रानात पाणी तुंबलं, मुळांना हवा मिळेना, मुळांवरच्या नत्र धरणाऱ्या गाठींचं काम मंदावलं. चुनखडीच्या जमिनीत लोह असूनही झाडाला घेता येत नाही. कोवळी पानं पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या. घरात काळजी. त्याच दिवशी कुणीतरी बाटली हातात देतं. तुम्ही उघडीप बघून फवारणी करता, कारण पावसात फवारणी होतच नाही. आता हा क्रम नीट बघा: उघडीप, मग फवारणी, मग आठवड्याभरात पीक हिरवं. पण उघडीप म्हणजेच वापसा, म्हणजे जादा पाणी निचरून जमिनीत हवा खेळू लागणं. वापसा आला की मुळं श्वास घेऊ लागतात आणि बहुतेक वेळा पीक आपसूक सावरतं. बाटली नेमकी त्याच वेळी रानात असते, एवढंच.

उपाय माणूस कधी करतो? हाल सगळ्यांत वाईट असतात तेव्हा. त्या टोकावरून बहुतेक गोष्टी थोड्याफार सुधारतातच. सर्दी, अंगदुखी, जनावराचं दूध आटणं, सगळ्यांत हाच खेळ चालतो. मराठवाड्यावर २०१५ आणि २०१९ साली विमानं पाठवून कृत्रिम पावसाचे प्रयोग झाले, तेव्हा पारावर दोन तट पडले होते. एक म्हणे विमान गेलं आणि पाऊस पडला, दुसरा म्हणे पडणारच होता. विमान पाठवायचं तर वर ढग आधीच हवेत, आणि ढग असले की काही पाऊस विमानाशिवायही पडतो. तसेच ढग काही निवडून आणि काही सोडून दिल्याशिवाय हा वाद पारावर मिटण्यातला नाही.

म्हणून तुलना नेहमी “आधी आणि नंतर” अशी न करता “मारलेलं आणि न मारलेलं, एकाच वेळी, एकाच रानात” अशी करायची. गेल्या सालाशी तुलना तर मुळीच नको. गेल्या सालचा पाऊस परत येत नाही.

इशारा: पिवळेपणा दिसला म्हणून सगळं वापशावर सोडू नका. पानावर पिवळे-हिरवे चट्टे मिसळलेले दिसले तर तो पांढऱ्या माशीने पसरणारा मोझॅक असू शकतो. तो आपोआप बरा होत नाही. अशी झाडं लवकर उपटून काढावी लागतात.

## टप्पा ३: जागा आणि जोड्या

पेरणीनंतर पंधरा-वीस दिवसांनी ओळी नीट दिसू लागल्या की रान फिरून बघा. ही ठिकाणं सोडा: धुऱ्यालगतच्या चार-पाच ओळी, लिंबाची किंवा बाभळीची सावली, जुन्या उकिरड्याची जागा, गाडीवाट, नाल्याकडचा पाणी धरणारा कोपरा, चोपण (खारवट, घट्ट) पडलेला तुकडा.

उरलेल्या जागेत ८ जोड्या पाडा. प्रत्येक जोडीत दोन पट्टे शेजारी शेजारी. ४५ सेंटिमीटरवर पेरणी असेल तर एका पट्ट्यात ८ ओळी, म्हणजे रुंदी ३.६ मीटर. लांबी १० मीटर. १६ पट्ट्यांचे ५७६ चौरस मीटर होतात, म्हणजे पावणेसहा गुंठ्यांच्या आसपास. जायला-यायला वाट धरून सात गुंठे.

आठही जोड्या एकसारख्या जमिनीत असल्या पाहिजेत असं काही नाही. एक जोडी जरा भारी रानात, एक जरा हलक्या रानात पडली तरी बिघडत नाही. जोडीतले दोघं मात्र सख्ख्या भावांसारखे हवेत. रानाला उतार असेल तर दोन्ही पट्टे एकाच उंचीवर येतील असे आखा. एक वर आणि एक खाली आला तर गाळ आणि ओल खालच्याला मिळते.

मी स्वतः पहिल्यांदा हे काहीच केलं नव्हतं. विहिरीजवळ पाणी सोपं म्हणून त्या बाजूचं अर्धं रान फवारलं, लांबचं अर्धं तसंच सोडलं. फवारलेल्या बाजूला उतारा चांगला निघाला. मी मोंढ्यात चार लोकांना अभिमानाने सांगून आलो. पुढच्या वर्षी पैशाची अडचण होती, कुठेच काही फवारलं नाही. विहिरीकडची बाजू पुन्हा सरस निघाली. ज्यांना सांगून आलो होतो त्यांतल्या दोघांनी तोवर बाटल्या घेतल्या होत्या. त्यांना काय सांगावं हे ठरवायला मला बरेच दिवस लागले.

## टप्पा ४: नाणं उडवा, मन वापरू नका

प्रत्येक जोडीत डावा पट्टा ‘अ’ की ‘ब’ हे नाण्यावर ठरवा. छापा पडला तर डावा ‘अ’, काटा पडला तर उजवा ‘अ’. आठ जोड्या, आठ वेळा नाणं. लागलीच वहीत नकाशा काढा आणि खुंट्यांवर १ ते १६ क्रमांक टाका. खुंट्यांवर अ-ब लिहू नका, फक्त क्रमांक.

लोक म्हणतात, “नाणं कशाला, आम्ही मुद्दाम एकाआड एक घेऊ.” एकाआड एक घेताना तिफणीच्या फेऱ्या, सरीची दिशा, ट्रॅक्टरच्या चाकाची पट्टी यांच्याशी नकळत जुळणी होते. आणि “मुद्दाम” निवडताना हात चांगल्या झाडांकडे जातो. तो माझाही जातो. नाण्याला पीक बघता येत नाही, एवढ्यासाठीच नाणं.

थांबा, तपासा: नाणं सलग तीन-चार वेळा एकाच बाजूला पडलं म्हणून परत उडवू नका. जे आलं ते आलं.

## टप्पा ५: फवारणी, झाकल्या मुठीने

तुमच्या त्या तटस्थ माणसाला दोन कॅन द्या. त्याने एकावर ‘अ’, एकावर ‘ब’ लिहायचं, एकात लेबलवरच्या मात्रेने टॉनिक मिसळायचं, दुसऱ्यात नुसतं पाणी भरायचं. कशात काय आहे ते चिठ्ठीवर लिहून पाकिटात बंद करायचं आणि पाकीट स्वतःच्या घरी न्यायचं. दुसऱ्या फवारणीला अक्षरं तीच ठेवायची. फवारणाऱ्याने विचारायचं नाही, त्याने सांगायचं नाही.

नुसतं पाणी फवारायचं कशाला? पावसाच्या खंडात पाण्याच्या फवाऱ्यानेही पीक तात्पुरतं टवटवीत दिसतं. शिवाय ओळीतून चालताना पाय पडतात, फांद्या मोडतात. हे सगळं दोन्हीकडे सारखं व्हायला हवं.

एकरी २०० लिटर पाणी धरलं तर ३६ चौरस मीटरच्या पट्ट्याला साधारण १.८ लिटर लागतं. आठ पट्ट्यांना सव्वाचौदा लिटर, म्हणजे पाठीवरचा एक पंप. आदल्या दिवशी साध्या पाण्याने एक पट्टा नेहमीच्या चालीने फवारून बघा. किती पाणी गेलं ते मोजा आणि चाल जुळवा. सकाळी वारा पडलेला असताना काम करा. दोन पट्ट्यांमध्ये जुनी साडी ताणून दोघांनी धरली तर फवारा शेजारी उडत नाही. हा उपाय आमच्या आखाड्यावरच्या, म्हणजे शेतातल्या वस्तीवरच्या, बायकांनी सुचवलेला. माझ्या डोक्यात प्लायवूडची पाटी होती, ती दोन पट्ट्यांतच जड झाली.

टॉनिकला बहुधा रंग आणि वास असतो. रंग जुळवायला साध्या पाण्यात थोडं कोऱ्या चहाचं पाणी चालून जातं, वास मात्र लपत नाही. फवारणाऱ्याला कळलंच तर चाचणी लगेच बाद होत नाही. पण मग काढणी आणि वजन करणाऱ्यांना तरी कळता कामा नये. वजनावर दया दाखवायची संधी त्यांच्याच हातात असते.

इशारा: तणनाशकाला वापरलेला पंप चाचणीला घेऊ नका. तळाशी राहिलेल्या थेंबांनी एखाददुसरा पट्टा आखडला तर तुम्ही त्याचा दोष नाहक पाण्याला किंवा बाटलीला द्याल. अ आणि ब यांच्या मध्येही पंप तीन वेळा खळबळून घ्या.

## टप्पा ६: मधले दोन महिने

इथे करायचं थोडं, टाळायचं जास्त. खोडमाशी किंवा चक्रीभुंग्यासाठी औषध घ्यावं लागलं तर सोळाही पट्ट्यांना एकाच दिवशी. खुरपणीही तशीच. एखादा पट्टा बरा दिसतोय म्हणून त्याच्याकडे जास्त फेऱ्या मारू नका.

वहीत पाऊस, खंड, कीड, आणि रानडुकरांनी किंवा हरणांनी केलेलं नुकसान तारखेसह लिहा. एखादा पट्टा जनावरांनी उद्ध्वस्त केला तर ती अख्खी जोडी बाद करा, पण हा निर्णय पाकीट उघडण्याच्या आधीच लिहून ठेवा. पाकीट उघडल्यावर बाद केलेल्या जोड्या नेहमी एकाच बाजूच्या निघतात.

फोटो काढायचेच असतील तर क्रमांकाची पाटी लावून, एकाच वेळी, उन्हाच्या एकाच दिशेने काढा. मोबाइल स्वतःच रंग गडद करतो. सकाळचं सोयाबीन आणि दुपारचं सोयाबीन त्यात दोन वेगळ्या वाणांसारखं दिसतं. जाहिरातीतले “आधी” आणि “नंतर” बघताना सावल्या कुठे पडल्यात तेही बघत चला.

## टप्पा ७: काढणी आणि वजन

पट्ट्याच्या दोन्ही कडांच्या दोन-दोन ओळी आणि दोन्ही टोकांचा एक-एक मीटर सोडून द्या. तिथे शेजारच्या पट्ट्याचा फवारा आलेला असू शकतो. मधल्या ४ ओळी, ८ मीटर लांब, एवढंच कापा. क्षेत्र १४.४ चौरस मीटर.

प्रत्येक पट्ट्याचा माल वेगळ्या कट्ट्यात, आत आणि बाहेर क्रमांकाची चिठ्ठी. मळणीयंत्रात घालू नका. यंत्रात आधीच्या कट्ट्याचा माल अडकून राहतो आणि पुढच्यात पडतो. काठीने बडवून, उफणून घ्या. सोळा कट्ट्यांना दोन माणसांचं एक दिवसाचं काम.

आता हिशोबाची बाजू. १४.४ चौरस मीटरचं वजन २८१ ने गुणलं की एकरी उतारा येतो. पट्ट्यात २.८५ किलो निघालं तर एकरी आठ क्विंटल. पण गुणाकार चुकीलाही लागतो. काट्यावर १०० ग्रॅमची चूक झाली की एकरी २८ किलोंची चूक झाली. म्हणून बारीक काटा, म्हणून रिकाम्या कट्ट्याचं वजन वजा करणं, म्हणून सांडलेला दाणा वेचणं.

ओलावा विसरू नका. सगळे कट्टे एकाच अंगणात, तेवढेच दिवस वाळवा. आडतीवर ओलावा मोजायचं यंत्र असतं, तिथे प्रत्येक कट्ट्यातली मूठभर तपासून घ्या. मग सगळी वजनं १२ टक्के ओलाव्यावर आणा: वजन गुणिले (१०० वजा ओलावा), भागिले ८८. १५ टक्के ओलाव्याचं ३ किलो सोयाबीन म्हणजे प्रत्यक्षात २.९० किलो. टॉनिकवालं पीक दोन-तीन दिवस जास्त हिरवं राहिलं असेल तर त्याचा माल ओला, म्हणून जड, म्हणून “उतारा वाढला”. ही फसगत मी एकापेक्षा जास्त वेळा बघितली आहे.

## टप्पा ८: पाकीट उघडण्याआधी नियम, मग पाकीट

वहीत आठ ओळी लिहा. प्रत्येक जोडीत कोण जड, अ की ब, आणि किती ग्रॅमने. पाकीट अजून बंदच.

आता निकालाचा नियम लिहा. टॉनिक निव्वळ पाणी असतं तर प्रत्येक जोडीत कोण जड निघणार हा छापा-काटाच झाला असता. आठपैकी आठही जोड्यांत टॉनिक जिंकायची शक्यता २५६ मध्ये १. सात किंवा आठ जोड्या जिंकायची २५६ मध्ये ९. सहा किंवा जास्त म्हणाल तर २५६ मध्ये ३७, म्हणजे साधारण सात वेळांत एकदा हे नुसत्या नशिबाने होतं. माझा नियम असा: सात किंवा आठ आल्या तर दखल घ्यायची, सहा आल्या तर पुढच्या साली पुन्हा, पाच किंवा कमी आल्या तर पैसे वाचले. तुम्ही दुसरा नियम ठरवा, हरकत नाही, पण पाकिटाच्या आधी ठरवा. “सहा म्हणजे जवळजवळ सातच की” हे वाक्य पाकीट उघडल्यावरच सुचतं.

सात जोड्या जिंकल्या तरी खिशाचा प्रश्न उरतो. समजा आठ जोड्यांतले फरक ग्रॅममध्ये असे आले: १२०, ८०, उणे ४०, १५०, ६०, ९०, ३०, ११०. सरासरी ७५ ग्रॅम, म्हणजे एकरी २१ किलो. बाटली आणि मजुरी मिळून एकरी १,००० रुपये गेले असं धरा. २०२५-२६ च्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. २१ किलोंचे साधारण १,१२० रुपये. म्हणजे टॉनिक पास झालं, हातात शंभर-सव्वाशे उरले. मोंढ्यात ४,३०० चा भाव मिळाला तर शंभर-एक रुपये पदरचे गेले. “काम करतं का” आणि “परवडतं का” हे दोन वेगळे रकाने आहेत, वहीत वेगळेच ठेवा.

## टप्पा ९: आवडलेल्या निकालावर जास्त शंका

मनाविरुद्ध निकाल आला की आपण लगेच काटा तपासतो, ओळी पुन्हा मोजतो. मनासारखा आला की जेवायला बसतो. हे उलटं करा. निकाल आवडला असेल त्याच दिवशी क्रमांकाच्या चिठ्ठ्या, नकाशा आणि वजनं परत जुळवा, आणि तुमच्याशी नेहमी वाद घालणाऱ्या माणसाला वही दाखवा. गावात असा एक जण असतोच. एरवी तो नकोसा वाटतो.

मग पुढच्या गोष्टी विचारात घ्या. हे एका हंगामाचं, एका रानाचं उत्तर आहे. पाऊस वेगळा पडलेल्या दुसऱ्या वर्षी पुन्हा करा, आणि नाणं पुन्हा उडवा, जुना नकाशा वापरू नका. दुसरं, फरक आला तो कशामुळे? कित्येक बाटल्यांत थोडं नत्र किंवा सूक्ष्म अन्नद्रव्य असतं. दुसऱ्या वर्षी नुसत्या पाण्याऐवजी १९:१९:१९ सारखं साधं विद्राव्य खत समोर ठेवून बघा. स्वस्त खतानेही तोच फरक आला तर महाग बाटली घ्यायचं कारण उरलं नाही.

तिसरं, गटाने चाचण्या करत असाल तर. शेतकरी गटाने २० वेगवेगळ्या निरुपयोगी बाटल्या या पद्धतीने तपासल्या, तर निदान एक तरी बाटली नशिबाने “सात किंवा आठ” गाठण्याची शक्यता निम्म्याहून थोडी जास्त आहे. मग त्याच एका बाटलीची गोष्ट गावभर होते, उरलेल्या एकोणीस कुणाला आठवत नाहीत. गटाने सगळे निकाल एकाच वहीत लिहावेत, आणि पास झालेली बाटली पुन्हा तपासावी.

आणि नकार मिळाला तर? या चाचणीत पाच-दहा किलोंचा फरक दिसणारच नाही, एका पट्ट्यातली चार झाडं कमी-जास्त झाली तरी तेवढा फरक पडतो. त्यामुळे “माझ्या रानात, या साली, परवडेल एवढा फरक दिसला नाही” इथपर्यंतच बोला. “टॉनिक म्हणजे थोतांड” हे तुमच्या वहीत लिहिलेलं नाही.

## जिथे पट्टे पाडता येत नाहीत: पाणाड्याची गोष्ट

पाणाडी म्हणजे हातात नारळ किंवा काठी धरून जमिनीखालचं पाणी दाखवणारा माणूस. त्याच्या सांगण्यावरून बोअर घेताना १६ पट्टे पडत नाहीत. तरी क्रम तोच.

आधी “काहीच केलं नसतं तर” हा प्रश्न. आपल्याकडचा खडक बहुतांश काळा पाषाण. पाणी वरच्या झिजलेल्या मुरमात आणि खालच्या भेगांमध्ये असतं. ज्या शिवारात कुठेही भोक पाडलं तरी दहापैकी सहा ठिकाणी थोडंफार पाणी लागतं, तिथे पाणाड्याच्या दहापैकी सहा जागा लागल्या यात नारळाचं कौतुक काय? म्हणून शिवारातल्या सगळ्या बोअरची यादी करा: पाणाड्याने दाखवलेल्या, स्वतःच्या मनाने घेतलेल्या, भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचा सल्ला घेऊन घेतलेल्या. खोली, महिना, पाणी लागलं की नाही, एप्रिलमध्ये टिकलं का. कोरड्या गेलेल्या बोअर आठवणीने विचारा, त्या कुणी आपणहून सांगत नाही. लागलेल्या बोअरवर पेढे वाटले जातात, कोरडीवर दगड ठेवून लोक विषय बदलतात.

मग पाणाडी राजी असेल तर सरळ चाचणी. झाकण लावलेले दहा सारखे पत्र्याचे डबे, प्रत्येकात पाणी की सारख्या वजनाची वाळू हे नाण्यावर ठरवायचं, भरणारा माणूस निघून जायचा. नुसत्या अंदाजाने दहापैकी पाच बरोबर येतात. नऊ किंवा दहा यायची शक्यता शंभरात एक. तेव्हा मर्यादा नऊ. “साठलेलं पाणी हाताला लागत नाही, वाहतं लागतं” असं तो म्हणणार. म्हणू द्या, पण चाचणीच्या आधी. मग पुरलेल्या पाइपातून पाणी सोडायचं-बंद करायचं अशी चाचणी ठेवा. जर्मनीतल्या कासेल शहरात १९९० साली ३० पाणाड्यांवर अशीच चाचणी झाली. पाइप जमिनीखाली अर्धा मीटर होता, आणि पाणी वाहतंय की नाही हे ओळखण्यात त्यांचा निकाल अंदाजापेक्षा सरस आला नाही. सुरुवातीला अटी त्यांना सगळ्यांना मान्य होत्या.

तुमच्या पाणाड्याकडूनही आधी पाणी कुठे आहे हे त्याला दाखवून काठी फिरते का ते बघून घ्या, आणि “आज सगळं ठीक आहे, काही अडचण नाही” असं त्याच्याच तोंडून चार लोकांत वदवून घ्या. मगच झाकणं लावा.

एक व्यवहार राहिला. त्याचे पैसे आणि नारळ चाचणीच्या आधीच हातात द्या, निकाल काहीही येवो. वयाने मोठा असेल तर काका-मामा म्हणूनच बोला, आणि बघ्यांची गर्दी जमवू नका. माणूस फसवत असेलच असं नाही. काठी आपोआप वळते असं त्याला मनापासून वाटत असतं, आणि मनगटाच्या बारीक हालचाली त्याच्या स्वतःच्याही ध्यानात येत नाहीत. डबे उघडताना पहिलं झाकण त्यालाच काढू द्या.